मलावीत पाळकांसाठी निवासी प्रशिक्षण केंद्र बांधावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडच्या एका ख्रिस्ती मंडळीचं मलावीच्या दक्षिणेकडच्या मुलांजे जिल्ह्यातल्या काही मंडळ्यांशी नातं जुळलंय. विचारणारे सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षणाच्या शाळेतून, पदवी घेतलेले आहेत आणि दोन वर्षांसाठी तिकडे जायला तयार आहेत. मंडळीने बांधकामासाठी निधी जमवायला घेतलाय. तीस पाळकांना सहा महिने एकत्र ठेवायचं, बायबल, उपदेश आणि थोडं आरोग्य-शेती शिकवायची, जोडीला उपासमारीच्या महिन्यांत मका वाटायचा, अशी योजना आहे. अभ्यासक्रम काय ठेवू आणि कशाची तयारी करून जाऊ, असं त्यांनी विचारलंय.

अभ्यासक्रमाकडे येतोच. पण शिकवायचं कुणाला हे योजनेत आधीच ठरलेलं दिसतं, आणि तेच मला पटत नाही. मलावीच्या खेड्यांत एका चर्चला एक पाळक असा हिशेब नसतो. सीसीएपी हे तिथलं मोठं प्रेस्बिटेरियन मंडळ घ्या. एका दीक्षित पाळकाकडे मुख्य मंडळी आणि तिच्याभोवती पसरलेली कितीतरी प्रार्थनागृहं असतात. एकेका ठिकाणी तो महिन्यातून एकदा पोचला तरी पुष्कळ. बाकीच्या रविवारी उपदेश करतात ते मंडळीचे वडील (एल्डर). रात्री आजाऱ्याकडून बोलावणं आलं तर जातात तेही वडीलच, नाहीतर म्वानोच्या बायका, म्हणजे सीसीएपीच्या ब्लँटायर सिनॉडचा (विभागीय मंडळाचा) महिला संघ. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा सोडले तर मंडळीचा बहुतेक भार बिनपगारी माणसं वाहतात, आणि ती सगळी शेतकरी आहेत. तीस पाळकांना सहा महिने उचलून आणलंत तर त्या काळात त्यांच्या मंडळ्या अशाच वडिलांवर चालतील, आणि त्या वडिलांना मात्र काहीच शिकायला मिळणार नाही.

म्हणून माझं उत्तर असं: केंद्र बांधू नका. शिक्षण गावात न्या, शेतीच्या वेळापत्रकात बसवा, आणि पाळकांइतकंच वडिलांना आणि म्वानोच्या बायकांना शिकवा.

यात परिस्थितीप्रमाणे बदलणाऱ्या गोष्टी आहेत. ज्यांना पाळकपदाची दीक्षा घ्यायची आहे त्यांना मंडळाने मान्य केलेली पदविका लागते. त्यांच्यासाठी झोंबा शहरात धर्मशास्त्राची उच्च शिक्षणसंस्था आहे. एखाद्या होतकरू माणसाची तिथली फी भरणं हे नवी इमारत उभारण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त उपयोगी ठरतं. तुमच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राला सिनॉडमध्ये किंमत नसेल, तर लोक ते भिंतीवर लावतील आणि पुढे कुठेच अडकतील. झायन किंवा अपोस्टोलिक वळणाच्या, आफ्रिकी लोकांनी स्वतःच उभारलेल्या स्वतंत्र मंडळ्यांशी तुमचं नातं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पाळकाला औपचारिक शिक्षण अजिबात नसू शकतं आणि गावातल्या अशा शिक्षणाची गरज जास्त असते. जिल्हा बदलला तरीही चित्र बदलतं. मांगोची, माचिंगा या भागांत याओ मुसलमानांची संख्या मोठी आहे, तिथे मंडळीमार्फत केलेल्या प्रत्येक मदतीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. उत्तरेकडे वंश पित्याकडून चालतो. मुलांजेत लोम्वे आणि मांगांजा समाजांत तो आईकडून चालतो, नवरा बायकोच्या गावी राहायला येतो आणि जमीन बायकोच्या घराण्याची असते. पाळक बदलीवर आलेला असला तर गावात तो उपराच. जमिनीच्या आणि लग्नाच्या भांडणात त्याचा शब्द किती चालतो, हे यावरून ठरतं.

आता सहा महिने का नकोत ते पाहू. दक्षिण मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. त्याआधी सप्टेंबर-ऑक्टोबरात शेत तयार करायचं. पेरणी पहिल्या चांगल्या पावसावर, मग दोन खुरपण्या, आणि मका काढणीला येतो एप्रिल-मेमध्ये. गेल्या वर्षीचा मका बहुतेक घरांत डिसेंबरच्या सुमारास संपतो. जानेवारी ते मार्च हे खरे उपासमारीचे महिने. तेव्हा लोक गान्यूला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर किंवा चहाच्या मळ्यात रोजंदारी करतात. मुलांजे आणि थ्योलो हे चहाचे जिल्हे असल्यानं हे काम मिळतंही. पण गान्यूला गेलेल्या माणसाचं स्वतःचं शेत खुरपायचं राहतं, पुढच्या वर्षीचं पीक कमी येतं आणि तो पुन्हा गान्यूला जातो. सहा महिने कसेही धरा, एक तर पेरणी सापडते नाहीतर काढणी. पाळकाचं शेत पडीक राहिलं की त्याच्या घराचा वर्षभराचा मका तुम्हाला द्यावा लागतो. मग पुढच्या तुकडीत शिकायला कोण येतं? ज्याला वर्षाचा मका हवा तो.

ही अडचण मलावीतच पहिल्यांदा आलेली नाही. ग्वाटेमालाच्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला 1960 च्या सुमारास हेच दिसलं: कुटुंब आणि जमीन असलेली, मंडळ्या प्रत्यक्षात चालवणारी माणसं शहरातल्या सेमिनरीत येऊ शकत नव्हती. 1963 मध्ये त्यांनी सेमिनरीच गावोगाव नेली. त्यातून थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन, म्हणजे टीईई, ही पद्धत निघाली. मलावी, झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत ती रुजलेली आहे. आपल्याकडे बंगळुरूची टाफ्टी ही संस्था 1971 पासून हेच करते, तेव्हा तिचा अनुभव असलेला कुणी तुमच्या भागातल्या मंडळ्यांतही भेटेल. रचना साधी आहे. विद्यार्थी घरी पुस्तिकेतून धडा करतो, आठवडाभर मंडळीत काम करतो, आणि ठरलेल्या दिवशी गटात बसून त्या दोन्हींची सांगड घालतो. यातली एक गोष्ट काढली की उरलेल्या दोन लंगड्या पडतात. पुस्तिका टाळून फक्त गट भरवला तर ती प्रार्थनासभा होते. गट टाळून फक्त पुस्तिका वाटल्या तर उत्तरं एकमेकांची उतरवून काढली जातात.

गट आठ ते बारा जणांचा ठेवा, पायी किंवा सायकलवर तासाभरात पोचता येईल इतक्या अंतरातला. पंधरा दिवसांतून एकदा, अडीच तास. शनिवार टाळा, कारण लग्नं आणि बऱ्याच बैठका त्याच दिवशी येतात. मयत कधीही येतं, आणि गावात मयत असताना शिकवणी घेणं हा अपमान समजला जातो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवून टाका: मयत आलं तर गट रद्द होत नाही, अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवशी भरतो. एवढा एक नियम नसला की वर्षभरात निम्म्या बैठका वाहून जातात. मे ते ऑक्टोबर हा मुख्य अभ्यासाचा काळ. पेरणीच्या आठवड्यांत पूर्ण सुट्टी. जानेवारी-मार्चमध्ये रस्ते चिखलाचे आणि पोटं रिकामी असतात, तेव्हा नवीन धडा नको. त्या महिन्यांत फक्त प्रत्यक्ष काम करायचं आणि सहायकाने, म्हणजे गट चालवणाऱ्या स्थानिक माणसाने, एकेकाला घरी जाऊन भेटायचं.

बैठकीचा वेळ मी असा वाटतो: पहिला अर्धा तास मागच्या कामाचा अहवाल, मग पाऊण तास शास्त्रातला उतारा, मग जवळजवळ एक तास गावातला एखादा खरा प्रसंग नावं न घेता, आणि शेवटी पुढच्या पंधरवड्याचं काम. अहवाल शेवटी ठेवला तर तो कधीच होत नाही, हे बहुतेक गटांत दिसतं. दुसरा हमखास बिघाड म्हणजे सहायक व्याख्यान द्यायला लागतो. त्याला तोच सन्मान वाटतो, आणि गटालाही ऐकत बसणं सोपं असतं. उपाय असा की सहायकाच्या पुस्तिकेत उत्तरं छापायचीच नाहीत, फक्त प्रश्न छापायचे. आणि पहिल्या वर्षी तुम्ही मागे बसून ऐकायचं. तुम्ही पुढे उभे राहिलात की सहायकाचं काम तिथेच संपलं.

छपाईकडे लोक लक्ष देत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. मजकूर चिचेवा या तिथल्या भाषेत हवा, अक्षर 14 पॉइंटचं, धडा आठ पानांपेक्षा मोठा नको. चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच वडिलांना जवळचं दिसत नाही आणि चष्मा त्यांच्याकडे नसतो. ते 'वाचायला येत नाही' असं सांगून सुटतात, आणि आपण त्यांना निरक्षर समजून गाळून टाकतो. +1.5 ते +3 पर्यंतचे तयार चष्मे पेटीभर न्या, पहिल्या बैठकीत प्रत्येकाला बायबलची एक ओळ वाचायला देऊन बघा. जोडीला सौर कंदील, कारण दिवस शेतात जातो आणि धडा रात्रीच होतो. खरोखर निरक्षर असलेल्या बायकांसाठी धडा मेमरी कार्डवर आवाजात द्या. उतारा तोंडपाठ करण्यात त्या बहुतेकदा वाचणाऱ्यांच्या पुढे असतात.

आता अभ्यासक्रम. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जायची ओढ सगळ्या सेमिनरीवाल्यांना असते. मी उलट दिशेनं जायला सांगेन. वडिलांचा एक महिना कागदावर मांडा, त्यात काय काय येतं ते पाहा, आणि त्या प्रत्येक कामाला शास्त्र जोडा. मुलांजेतल्या वडिलाच्या महिन्यात मयत येतं, आजारपण येतं, नवरा-बायकोचं भांडण येतं, भूक येते, मंडळीचा पैसा येतो आणि जादूटोण्याचा आरोप येतो. पहिल्या वर्षाला एवढं पुरे.

मयतापासून सुरुवात करा, कारण मंडळीची पत तिथे ठरते. मृत्यू झाला की गावाची कामं थांबतात, पुरुष खड्डा खणतात, बायका पीठ आणि लाकूड घेऊन येतात. वडिलाने काय बोलायचं यासाठी थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय आहेच. पण खरी कसोटी नंतरच्या आठवड्यात लागते, जेव्हा मेलेल्याचे नातेवाईक विधवेच्या घरातली भांडी, सायकल, कोंबड्या उचलायला येतात. मलावीत 2011 च्या वारसा कायद्यानुसार हा गुन्हा आहे. वडिलांना कायद्याचं कलम पाठ नको, पण तीन गोष्टी माहीत हव्यात: चीजवस्तूंची यादी मयताच्या दुसऱ्याच दिवशी साक्षीदारांसमोर करायची, गावप्रमुखाला तेव्हाच कळवायचं, आणि ऐकलं नाही तर पोलिसांच्या पीडित-साहाय्य कक्षाकडे विधवेसोबत जायचं. याकोबाच्या पत्रातलं अनाथ-विधवांचं वचन (1:27) सगळ्यांना पाठ असतं. यादी कशी करायची हे कुणी शिकवलेलं नसतं. काही मंडळ्यांत वर्गणी थकलेल्या माणसाला मंडळीकडून माती मिळत नाही, अशीही पद्धत आढळते. त्यावर गटात चर्चा घडवाच. मात्र निर्णय सिनॉडचा आहे, पाहुण्यानं त्यात पुढाकार घेऊ नये.

आजारपणात सर्वांत महत्त्वाचं काम नुकसान थांबवण्याचं आहे. एचआयव्हीवरच्या गोळ्या मलावीत सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. 2011 पासून गरोदर आणि स्तनदा मातांना कोणत्याही चाचणीच्या आकड्याची वाट न पाहता आयुष्यभराचा उपचार देण्याची पद्धत मलावीनेच सुरू केली, आणि पुढे ती अनेक देशांनी घेतली. हे सगळं एका उपदेशानं वाया जाऊ शकतं: 'प्रार्थना झाली, विश्वास असेल तर गोळ्या सोड.' माणसाला काही आठवडे बरंही वाटतं, म्हणून चमत्काराची साक्ष दिली जाते. मग विषाणू वाढतो, औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि माणूस क्षयानं आजारी पडून येतो. गटात हा नियम शब्दशः पाठ करून घ्या: याकोब 5:14 प्रमाणे तेल लावून प्रार्थना करायची, आणि त्याच भेटीत पुढची गोळी कधीची आहे ते विचारायचं. बरं झाल्याची साक्ष दवाखान्याच्या कागदाशिवाय व्यासपीठावरून द्यायची नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी. मुलाला ताप आला तर चोवीस तासांच्या आत गावातल्या आरोग्य सहायकाकडे मलेरियाच्या चाचणीसाठी. जुलाब सुरू झाले आणि ओआरएसची पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर मुलाला धोका होतो, म्हणून मापाचा चमचा दोरीनं बाटलीलाच बांधून द्या. 2022-23 च्या पटकीच्या साथीत मलावीत 1,700 हून जास्त माणसं दगावली, तेव्हा हा धडा पुस्तकापुरता नाही. मुलांच्या दंडाची पट्टीही शिकवा: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र, 12.5 च्या खाली भरला तर पोषणाच्या यादीत नाव. ही पट्टी म्वानोच्या बायका उत्तम वापरतात, कारण आजाऱ्यांच्या घरी त्या जातातच.

यासाठी तुम्हाला आफ्रिकेत शोधाशोध करायची गरज नाही. तुमच्या घरापासून काही तासांवर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे काम सुरू केलं, कमी शिकलेल्या, पुष्कळदा दलित समाजातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि ते काम प्राथमिक आरोग्यसेवेच्या जगभरच्या चर्चेत पोचलं. निघण्यापूर्वी तिथे काही आठवडे राहा. औषधं तर शिकालच, पण सेविका ठरावीक दिवशी येऊन एखादीच गोष्ट शिकते, परत जाते, करते, आणि पुढच्या वेळी काय झालं ते सांगते, ही पद्धत नीट पाहा. तुमच्या गटाला हीच चाल हवी आहे.

लग्नाच्या भांडणात पाळकाने पहिला पंच व्हायचं नाही. मलावीत दोन्ही बाजूंचे अंखोस्वे असतात, म्हणजे लग्न जुळवताना उभे राहिलेले घरचे प्रतिनिधी. त्यांना डावलून केलेली समेट टिकत नाही. अपवाद दोनच, मारहाण आणि 18 वर्षांखालच्या मुलीचं लग्न. तिथे थेट पोलीस आणि गावप्रमुख.

जादूटोण्याच्या आरोपाबद्दल सेमिनरीत आपल्याला काहीच शिकवत नाहीत. मूल दगावलं की बोट एखाद्या म्हाताऱ्या बाईकडे जातं. 'तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणा' असं सांगून वडील बदलत नाहीत, आणि तुमच्यावरचा विश्वासही जातो. 1911 च्या कायद्याप्रमाणे एखाद्याला चेटकीण म्हणणं हाच तिथे गुन्हा आहे, ही माहिती द्या. पण काम होतं ते शास्त्रातून. योहान 9 मध्ये शिष्य विचारतात, पाप कुणाचं? येशू त्या प्रश्नाचीच दिशा बदलतो. ईयोबाचे मित्रही दोषी शोधत बसतात आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर होतो. या दोन उताऱ्यांवर गट चार बैठका सहज बोलतो. मग नियम ठरवा: प्रार्थनेत, रात्रीच्या सभेत, स्वप्नाचा दाखला देऊन कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आणि आरोप झालेल्या बाईच्या घरी दोन वडिलांनी त्याच संध्याकाळी उघडपणे जाऊन बसायचं.

भुकेवर तुमची योजना धान्यवाटपाची आहे. फ्रेडी चक्रीवादळानंतर, 2023 च्या मार्चमध्ये, याच भागात वाटपाशिवाय पर्याय नव्हता. अशा संकटात जरूर वाटा. पण यादी पाळकानं करायची नाही. यादी गावसभेत सर्वांसमोर वाचली जावी, मंडळीबाहेरची घरं तिच्यात असावीत, आणि वाटप चर्चच्या आवारात नको. प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय हाच तंटा सांगतो: काही विधवा वाटपात सुटत होत्या, तक्रार आली, आणि प्रेषितांनी ते काम स्वतःकडे न ठेवता सात जणांवर सोपवलं. दर वर्षी जानेवारीत वाटप करायला लागलात मात्र, तर मका येईपर्यंत प्रार्थनागृहं भरतील आणि मेमध्ये रिकामी होतील.

नेहमीच्या वर्षासाठी दोन कामं मला भरवशाची वाटतात. पहिलं बचत गट. केअर संस्थेनं 1991 मध्ये नायजरमध्ये सुरू केलेली पद्धत आज मलावीच्या बहुतेक खेड्यांत ओळखीची आहे, म्हणून आधी गावात चालू असलेले गट पाहा, मंडळीचा वेगळा गट काढायची घाई नको. पंधरा ते पंचवीस सभासद, दर बैठकीला प्रत्येकी बचतीचे एक ते पाच भाग (शेअर), तीन कुलपांची पेटी, किल्ल्या तीन वेगळ्या घरांत आणि पेटी चौथ्या घरात. कर्ज स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंतच. वर्ष संपलं की सगळी रक्कम वाटून नवी सुरुवात. बरेच गट हे वाटप नाताळात ठेवतात आणि पैसा सणात जातो. तुम्ही ऑक्टोबरअखेर ठेवायला सुचवा, म्हणजे बियाणं-खत घेता येईल आणि गान्यू कमी होईल. व्याजाबद्दल वडील निर्गम 22:25 काढतीलच. उत्तर असं की व्याज सभासदांकडेच परत जातं, आणि अगदी अडलेल्यांसाठी वेगळा बिनव्याजी मदत निधी ठेवायचा असतो. नहेम्याचा पाचवा अध्याय इथे शिकवा, भूक आणि गहाण पडलेल्या शेतांचं तिथे सरळ वर्णन आहे. एक पथ्य कडक ठेवा: पाळक सभासद होऊ शकतो, पण किल्ली त्याच्याकडे नको, आणि पेटीतला पैसा चर्चच्या छपराला उसना घ्यायचा नाही. पाळकाकडून वसुली करायला कुणी धजत नाही आणि गट तिथेच फुटतो.

दुसरं शेती. झिम्बाब्वेच्या ब्रायन ओल्ड्रीव्ह यांनी 1980 च्या दशकात नांगरट न करता खड्ड्यांत मका लावण्याची पद्धत बसवली आणि ती मंडळ्यांमार्फत पसरली. तिथल्या सरकारनं 2020 मध्ये घेतलेला लहान तुकडा 39 बाय 16 मीटरचा आहे: 52 ओळी, ओळीत 28 खड्डे, मिळून 1,456. ओळींत 75 सेंटिमीटर, खड्ड्यांत 60. खड्डा साधारण 15 सेंटिमीटर खोल, तळाशी शेणखत, त्यावर माती, तीन दाणे टाकायचे आणि उगवल्यावर दोन रोपं ठेवायची. खड्डे पावसाआधीच खणायचे आणि जमीन काडीकचऱ्यानं झाकायची. मुलांजेत अडचण आच्छादनाची येते. काढणीनंतर शेळ्या मोकाट सुटतात आणि मक्याची ताटं खातात. पोरं उंदीर पकडायला शेतं पेटवतात. गावप्रमुखाशी आधी बोलल्याशिवाय आच्छादन टिकत नाही. म्हणून पहिल्या वर्षी एक तुकडा पुरे, तोही चर्चजवळ. आणि चांगलं पीक म्हणजे विश्वासाचं फळ असं शिकवू नका. पुढच्या वर्षी पाऊस दडी मारतो, आणि मग माणसाची शेती आणि श्रद्धा दोन्ही एकदम कोसळतात.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण बहुतेक प्रशिक्षणं इथेच बिघडतात. मलावीत संस्थांच्या कार्यशाळांना भत्ता द्यायची सवय खोल गेलीय. एकदा तुम्ही बैठकीला भत्ता दिलात की तो बंद करता येत नाही, आणि ज्या दिवशी बंद होईल त्या दिवशी गट संपेल. गावातल्या गटाला भत्ता नाही, जेवणही नाही. पुस्तिकेला छोटी किंमत ठेवा, रोख नसेल तर मका किंवा अंडी चालतील. सहायकांना मात्र सायकल, ट्यूब-टायर आणि फोनचं रिचार्ज द्या, तो त्यांचा खरा खर्च आहे.

इकडच्या बाजूनं दोन तपासण्या करा. तुमच्या न्यासाच्या उद्देशांत परदेशातलं काम बसतं का, ते धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत पाहा. आणि भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकर सवलत आपोआप मिळत नाही, त्याला वेगळी मंजुरी लागते, तेव्हा सनदी लेखापालाला आधी विचारा. मलावीत दोन वर्षं काम करायचं तर पर्यटक व्हिसा चालणार नाही. अर्ज सिनॉडमार्फत करा. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असाल तर येलो फिव्हरची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी.

तुमची स्वतःची तयारी भाषेची. पहिले चार-पाच महिने चिचेवाच शिका, कुठल्या तरी वडिलांच्या घरी राहून. आणखी एक सांगतो. मलावीत भारतीय माणूस म्हणजे अम्वेन्ये, ब्लँटायर-लिंबेतला दुकानदार, अशी ओळख पक्की आहे. तुमच्याकडे सुरुवातीला सगळे उधारी किंवा नोकरी मागतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण कुणालाही खासगी कर्ज देऊ नका. नाशिकहून जाताय म्हणून हेही माहीत असू द्या: गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम आणि शास्त्र शिकली. 1873 मध्ये आफ्रिकेच्या प्रवासात वारलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट त्यांतलाच. त्याच प्रवासातला चुमा 1861 मध्ये आजच्या दक्षिण मलावीतच गुलामांच्या तांड्यातून सुटला होता आणि मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकला. मुलांजेत ही गोष्ट सांगितलीत तर दुकानदाराची ओळख थोडी मागे पडेल.

राहिला बांधकामाचा निधी. माझा क्रम असा राहील: एका स्थानिक समन्वयकाचा दोन वर्षांचा पगार, सिनॉडच्या वेतनश्रेणीप्रमाणेच, जास्त नाही. मग पुस्तिकांचं भाषांतर आणि छपाई, मग सायकली, चष्मे, कंदील. त्यातून उरलं तर झोंब्याला जाणाऱ्या एक-दोघांची फी. मात्र लोकांनी पैसे इमारतीसाठी दिलेत, तेव्हा खर्च करण्याआधी मंडळीच्या सभेत हा बदल मांडा, आणि ज्यांना तो मान्य नसेल त्यांची रक्कम परत करा.